भाताखालचं मटण

बाबा वजन-मापं खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधून काढण्यात त्यांचा हातखंडा. त्यामुळे जगातला प्रत्येक दुकानदार आपल्याला फसवायलाच बसलाय, यावर त्यांचा गाढ विश्वास. आमच्या गल्लीच्या टोकाला अफगाणी हॉटेल निघालं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मालकाला टेबलाशी बोलावलं. ताटात गाजर-बेदाणे घातलेल्या भाताचा ढीग आणि मटणाचा पत्ता नाही.

"मटण म्हणून सांगता आणि गाजर वाढता?"

मालक गोरामोरा झाला, मग हसून म्हणाला, "साहेब, जरा खणून बघा की." त्यांच्यात मटण भाताखाली ठेवूनच वाढतात. आईने कपाळावर हात मारून घेतला.

याला सोळा वर्षं झाली. आई गेली, पण रविवारची दुपार आम्ही मोडली नाही. दर खेपेला बाबा तेच वाक्य ठसक्यात म्हणत, मालक तेच उत्तर देई आणि दोघं खो-खो हसत. मला मेलीला त्यात काय गंमत आहे ते कधी कळलं नाही.

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, खरं सांग, बाबा एकटे राहू शकतात का? नाहीतर मी त्यांना इकडे आणतो. घर बंद करू." बाबांचा जीव त्या दोन खोल्यांत. मी ठोकून दिलं, "ठणठणीत आहेत." गॅस दोनदा उघडा राहिला होता, ते गिळून टाकलं. रविवारी संध्याकाळी पुन्हा विचारतो, म्हणाला. मी एक्स-रे काढते. हाड मोडलेलं मला डॉक्टरांच्या आधी दिसतं, पण घरच्या माणसाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

त्या रविवारी ताट आलं. बाबांनी चमच्याने भाताची कड उकरली.

"मटण कुठाय?"

मी हसले. मालकही खांद्यावरचा फडका सावरत हसत आला.

"हसताय काय? मटण म्हणून सांगता आणि गाजर वाढता?" बाबांचा आवाज चढला. शेजारची माणसं वळून बघू लागली.

मालकाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बाबांजवळ बसला. "माफ करा साहेब, चूक आमची. आधी सांगायला हवं होतं. आमच्यात मटण भाताखाली ठेवतात." त्याने चमच्याने भात अलगद बाजूला केला.

"असं होय," बाबा म्हणाले आणि मन लावून जेवू लागले.

चहा देऊन मालक आत गेला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "हा माणूस काहीतरी लपवतोय."

"काहीतरीच काय, बाबा!"

"मी चारचौघांत त्याला चोर ठरवलं. खरा दुकानदार भांडला असता. हा माफी मागत बसला. आयुष्यभर मी लोकांची तोंडंच बघितलीत ना." ते थांबले. "मी इथे आधी आलोय. हो ना?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "हो," मी म्हटलं.

"पुष्कळदा?"

"पुष्कळदा."

"तुझी आई असायची?"

"असायची."

त्यांनी कप बाजूला सारला. मला रडू आवरेना. शेजारचे बघतायत याचीही लाज वाटली नाही.

"धाकटा तुला माझ्याबद्दल विचारत असेलच. त्याला काय सांगितलंयस?"

"ठणठणीत आहेत म्हणून."

"माझ्यासाठी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आता खरं काय ते सांग त्याला. आत्ताच लाव फोन, मी बोलतो." त्यांनी माझ्यापुढे हात केला. "घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात राहील की नाही, कुणी सांगावं."

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.