वादळ वळलं तरी

घरातला एक माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला की बाकीच्यांनी किती वेळ गप्प राहायचं, याचा काही नियम नाही. भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात रत्नमालाबाई सकाळपासून गप्प होत्या. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या नवऱ्याचा, श्यामरावांचा, चहा दोनदा निवला होता आणि दोनदा गरम करून झाला होता.

बंगालच्या उपसागरात मोठं चक्रीवादळ उठलं होतं. भिलाईपासून समुद्र इतका लांब, की इथल्या माणसाला वादळ म्हणजे चार ढग आणि दोरीवरच्या कपड्यांची पंचाईत. पण श्यामरावांची लेक दीक्षा विशाखापट्टणमला दिलेली. जावई सुगत तिथे रेल्वेत, आणि त्यांचं भाड्याचं घर किनाऱ्याजवळच्या सखल वस्तीत. दीक्षाचा फोन आला की तिच्या बोलण्यामागे समुद्राचा आवाज ऐकू यायचा.

श्यामराव वादळाची वाट पाहत नव्हते, वादळ कुठे वळतं याची वाट पाहत होते. एका ॲपात त्याची रेघ सरळ विशाखापट्टणमवर जायची, दुसऱ्यात ती वर ओडिशाकडे सरकायची. हवामान खात्याच्या नकाशात तर रेघेच्या दोन्ही बाजूंना पुढे रुंद होत गेलेला पांढरा पट्टा होता, आणि वादळ त्या पट्ट्यात कुठेही जाऊ शकतं असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचायची श्यामरावांची तयारी नव्हती. ज्या ॲपात रेघ लेकीच्या घरापासून दूर, ते ॲप खरं, एवढा साधा हिशेब त्यांनी धरला होता. तासाभरात तेही ॲप रेघ खाली ओढायचं आणि म्हाताऱ्याचा चेहरा उतरायचा. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती, तरी हातातला फोन सुटत नव्हता.

दीक्षाला सरळ फोन करून 'निघून ये' म्हणायला काय हरकत होती? हरकत होती, आणि ती श्यामरावांनीच करून ठेवलेली होती.

गेल्या उन्हाळ्यात असंच एक वादळ निघालं होतं. तेव्हा दीक्षा तान्ह्या खुशबूला घेऊन, जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून माहेरी आली. आणि वादळ समुद्रातच विरून गेलं! नेमकी बुद्धपौर्णिमा होती. विहारात खीरदानाला सगळी वस्ती जमलेली. श्यामरावांना लोकांना हसवायची भारी हौस. खीर वाढता वाढता ते मोठ्यानं म्हणाले होते, "आमच्या दीक्षानं वादळाले भेऊन पळ काढला, अन् वादळानं दीक्षाले भेऊन!" सगळे पोट धरून हसले. पोरगीही हसली, पण खीर तशीच ठेवून घरी गेली. त्या दिवसापासून वस्तीत तिचं नाव 'तुफान एक्सप्रेस' पडलं ते पडलंच. सासरपर्यंतही पोचलं.

दुपार टळली तसा अखेर श्यामरावांनी फोन लावला. इकडची तिकडची विचारपूस झाली. सुगतची ड्युटी सुटणार नव्हती, तो स्टेशनच्या पक्क्या इमारतीतच राहणार होता, आणि तू लेकराला घेऊन भिलाईला जा म्हणून बायकोच्या मागे लागला होता. दीक्षा मात्र ऐकत नव्हती.

"मी नाई येत, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "येईन, अन् ते मागल्यासारखं वळून जाईन. मंग पुन्हा साऱ्यायनं हासाचं. शेजारचेही कोनी हालून नाई राहिले. जे होईन ते होईन."

श्यामरावांनी फोन ठेवला आणि पुन्हा नकाशा उघडला.

"आता त्या फोनमध्ये काय पाहून राहिले?" रत्नमालाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"वळून राहिलं वाटते. थोडसं वर सरकलं."

"अन् नाई सरकलं तर?"

श्यामराव चिडले. हवामानवाल्यांनाच धड माहीत नाही तर मी पोरीला कोणत्या तोंडानं सांगू, रोज रेघ बदलते, असं बरंच काही बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या कमी बोलणाऱ्या होत्या, आणि आज तर त्यांच्या अंगात भांडायचीही ताकद नव्हती.

"तुमी भट्टीवर होते, तवा तुमच्या छातीले तो विषारी गॅस दाखवनारा मीटर राहे," त्या म्हणाल्या. "तो वाजला की काय करत होते?"

"काय करू? काम टाकून पळत होतो. सारेच पळत."

"दरवेळी गॅस निघे का?"

"नाई. कितीकदा तर काईच नसे."

"मंग दुसऱ्या दिवशी ड्युटीवर तुमाले कोनी हासत होतं का, की हा पाहा, फुकटचा पळाला म्हनून?"

श्यामरावांना आठवलं. हसणं तर दूरच. एकदा नरेश नावाचा सोबती मीटर वाजूनही पाना हातात धरून उभा राहिला, तेव्हा फोरमननं त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. त्या दिवशीही गॅस नव्हता. तरीही झापलं होतं, आणि ते सगळ्यांना रास्तच वाटलं होतं. तीस-पस्तीस वर्षं ज्या गोष्टीला श्यामरावांनी शहाणपण म्हटलं, तीच गोष्ट लेकीनं केली तेव्हा तिची त्यांनी भर विहारात थट्टा केली होती!

"जिवाच्या भीतीनं तुमी पळाले तर ती सेफ्टी," बाई म्हणाल्या, "अन् माह्यी पोरगी लेकराले घेऊन निघाली तर ते हसू. कावून?"

श्यामरावांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. आपल्या एका विनोदापायी ती पोर त्या घरात बसून राहणार होती. त्यांनी फोन उचलला.

"दीक्षा, ऐक. मागच्या बारीले मी चुकलो. तू बरोबर होती, मी साऱ्यायसमोर चुकीचं बोललो. हे वादळ तुह्या घरावर येईन का नाई, मले माहीत नाई. कोनालेच माहीत नाई. म्हनूनच ये. वळून गेलं तर गेलं, मी स्टेशनवर घ्याले येतो."

फोनमधून समुद्राचा आवाज येत होता. मग दीक्षा रडक्या आवाजात म्हणाली, "गाडी हाय आज. बॅग भरते."

गाड्या रद्द व्हायच्या आत ती निघाली. निघताना शेजारच्या दोन घरांतल्या बायांनीही पोरं घेऊन शाळेतल्या निवाऱ्याची वाट धरली, असं तिनं गाडीतून कळवलं. दुसऱ्या दिवशी भिलाईशेजारच्या दुर्ग स्टेशनवर श्यामरावांनी झोपलेली खुशबू खांद्यावर घेतली, आणि त्याच संध्याकाळी बातमी आली. वादळ वळलं होतं. दीक्षाच्या वस्तीवर चार पत्रे उडण्यापलीकडे काही झालं नाही. ते वर दूरच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलं. तिथे गावंच्या गावं पाण्यात उभी होती.

घराबाहेर खुर्च्या टाकून बसायची वेळ झाली. शेजारचे चंपतराव आले, दाराशी उभ्या दीक्षाकडे पाहून डोळे मिचकावत म्हणाले, "काय वो श्यामराव, पुन्हा फुकटचीच धावपळ झाली म्हना की."

दीक्षानं मान खाली घातली. श्यामराव थकलेले होते, पण उठून उभे राहिले.

"हो, फुकटचीच झाली," ते म्हणाले. "ज्यायची फुकट नाई गेली, त्यायची घरं आज पाण्यात हायेत, चंपतराव. माह्या पोरीची धावपळ दरवेळी फुकटच जावो." मग लेकीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "पुढच्या बारीले कोनाले विचारू नको. निघून येजो."

चंपतराव ओशाळून हसले आणि खुर्चीवर बसले. दीक्षा आत जाऊन आईला पोळ्या लाटू लागली.

वाचकहो, वादळाची वाट कुणालाच आधी नेमकी ठाऊक नसते. ती सांगणारे चुकतात, आणि प्रामाणिकपणे चुकतात. पण वेळेवर घर सोडणाऱ्याला आपण हसतो, तेव्हा पुढच्या वेळी त्याचे पाय आपणच बांधून ठेवतो. सुखरूप परतलेल्या माणसाला 'उगाच गेलास' म्हणू नका. 'बरं झालं गेलास' म्हणा, आणि त्याला आधी जेवायला वाढा.