पाळण्याआडची ओल

"मिरगाच्या आदी माळवदावर मातीचा थर टाकून घ्या की, बाई. घर विकायचं म्हणून पाऊस थांबत न्हाय."

शेजारच्या कमलम्मानं वैशाखातच सांगितलं होतं, मागाच्या खटखटीवरून आवाज चढवत, आणि पद्मजा हसली होती. जे घर आपलं राहणारच नाही, त्याच्या डोक्यावर माती कशाला?

पाळण्याच्या कडीवर आता एक थेंब लोंबतो आहे. लांबतो, थरथरतो, पडत मात्र नाही... खाली लीला झोपली आहे, दहा महिन्यांची. श्वासामागून बारीक घरघर येते. ती मोजायची नाही असं ठरवूनही पद्मजा मोजते.

माती दरवर्षी तिचे यजमान चिंतामणी टाकायचे. शाळेला सुट्टी लागली की धोतर खोचून माळवदावर, आणि वरून हाक — "पदवीधरबाई, घमेलं द्या!" माघात अकरा दिवसांच्या तापानं ते गेले, आणि वर चढायचं कोणी राहिलं नाही. दिरांनी नातेपुत्याहून कळवलं : दसऱ्यापर्यंत घर गेलं तर पुण्याला जा, शाळेत शिकव, काय हवं ते कर, नाही गेलं तर इकडे आणायला गाडी पाठवतो. त्याच गावाहून तिची पुस्तकं परत आली होती, जागा नाही म्हणून. पुस्तकांना नसलेली जागा तिला मात्र होती, माजघराच्या मागे, कायमची.

उन्हाळ्यात माणसं आली. बाहेर फुफाटा, आत गार, भिंतीला पाठ टेकून बसत, पाणी मागून पीत, आणि उठताना म्हणत, पाऊसपाणी होऊ द्या, मग बघू. मृग कोरडा गेला, आषाढ-श्रावण कोरडे गेले, तसं कुणी फिरकेना. जिची रोज वाट पाहिली ती सर हस्तात आली, तीन दिवस धरून राहिली, आणि वायव्येच्या कोपऱ्यात भिंत काळी पडली — आधी तळहाताएवढी, मग परातीएवढी.

दसऱ्याला पाच दिवस होते. तिनं पाळणा उचलून त्या कोपऱ्यातल्या तुळईला बांधला. मागे जुनं लुगडं सोडलं. झोपलेलं मूल कुणी हलवा म्हणत नाही, एवढं तिला माहीत होतं. पण हे माहीत असणं — हे मी कुठल्या वर्गात शिकले?

दुपारी छत्री झटकत गुरुलिंग आले, भुसाराचे व्यापारी. मागे त्यांची बायको विजयमाला, सातवा महिना लागलेली.

"घर बघावं तर पावसात," ते हसले. "उन्हात काय, सगळीच घरं गुणी!"

त्यांनी वर पाहिलं, भिंती ठोकल्या, चुलीपाशी वाकून वास घेतला. कोपऱ्याशी आले आणि थांबले. ते हळूच म्हणाले, "निजू दे लेकराला," आणि मागे फिरले.

विजयमाला मात्र तिथंच रेंगाळली. पाळण्याला बोटानं झोका देत म्हणाली, "वाऱ्याबिऱ्याला आड हाय की ही जागा. आपलापण हितंच बांधू, व्हय हो?" मग पद्मजाकडे वळून, "खोकला हाय का तिला, ताई?"

"दात येतायत," पद्मजा म्हणाली.

पाटावर नारळ ठेवला गेला. म्हणजे ठरलं. सोमवारी कागद.

ते गेल्यावर पाऊस थांबला, काही झालंच नाही असा. तिनं लुगडं बाजूला केलं. मागून ओल लागून ते भिंतीला चिकटलं होतं. लीलाच्या दुपट्याची कडही. आता पाळणा हलवता येईल... सोमवारपर्यंत नाही. ते पुन्हा आले तर? एक हाक मारली असती तर बोळाच्या तोंडाशी गाठता आलं असतं त्यांना. हाक आली होती, अगदी दातांपर्यंत. आणि मी नुसती उभी राहिले, लेकीची घरघर ऐकत, पुण्याच्या गाडीची वेळ आठवत.

आता वाटतं, पुण्यात कितीही कोरडी खोली मिळाली तरी हा कोपरा माझ्याबरोबर येणार.

तुम्ही कधी सोलापुरात आलात, साखर पेठेतल्या मागांच्या बोळात, तर पावसाच्या दिवशी या. कमलम्माच्या शेजारचं दार. विजयमाला नावाची बाई असेल, हसरी. तिचं मूल कुठं निजतं तेवढं बघा. पाळणा कोपऱ्यात असला तर मागे हात घालून भिंत चाचपा... आणि मुलाचा श्वास ऐका. मला कळवू नका. फक्त बघून या.