एकोणचाळीस अंशांचं विरजण

स्टाइनारने लाथ मारून फ्रिजचं दार बंद केलं, तेव्हा सुन्निवाची बोटं आत होती.

डाव्या हाताची चार बोटं. दाराला जाड रबर होतं म्हणून ती तुटली नाहीत. पण मधल्या बोटाचं नख तिथल्या तिथे काळंनिळं पडलं, आणि सुन्निवाच्या तोंडून अशी शिवी निघाली, की त्यांच्या बाबांनी ऐकली असती तर ते शवपेटीतून उठून बसले असते.

बाबा, म्हणजे हालवार्ड, रविवारी गेले होते. दफन शनिवारी. डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, म्हणजे फ्योर्डच्या, त्या काठाला माणूस गेला, की त्याच्या नावाची बिअर घरातच व्हावी लागते. दुकानातले डबे मांडले तरी लोक पितात, पण परत जाताना एकमेकांकडे असं काही बघतात, की डबे मांडणाऱ्याने खाली मान घालावी. आणि बिअर म्हटलं की ती आंबवणारं विरजण आलं. हालवार्डच्या घरचं विरजण त्यांच्या पणजोबांच्याही आधीचं. दर खेपेला बिअरवरची दाट साय काढून बरणीत भरायची, पुढच्या खेपेला तीच घालायची. तापाने फणफणलेल्या माणसाइतकी ऊब मिळाली तरच ते काम करतं. गेल्या नाताळात स्टाइनारने थंडगार तळघरात पिंप ठेवलं, वर दोन दिवस फिरकला नाही, आणि तीनपैकी दोन बरण्यांचं विरजण सडवलं. उरली एक बरणी. ती गेली की संपलं. सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणून सुन्निवा सकाळपासून चुलीच्या खोलीत फ्रिजची ऊबपेटी जुळवत होती. गोदीत जहाजांच्या वायरी ओढून ओढून तिचे हात तयार झाले होते. एक बंद पडलेला फ्रिज, कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा लाल दिवा, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि एक थर्मोस्टॅट. पिंप आत ठेवून थर्मोस्टॅटची तार त्याला चिकटवायची. अडतीसच्या खाली गेलं की दिवा लागणार, चाळीसला विझणार. फ्रिजमध्ये उन्हाळा! बाहेर उणे अकरा होतं, आणि आतल्या काट्यावर एकोणचाळीस बघून तिला एकटीलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. पिंपातला माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा, गोड काढा तयार होता. फक्त विरजण घालायचं बाकी होतं.

तेवढ्यात स्टाइनार आला. लाकडं फोडून आलेला, घामेजलेला, आणि तोंडाला दारूचा वास. आल्याआल्या त्याने दाराला ती लाथ घातली.

"बाबांनी कधी वायरी लावल्या होत्या गं?" तो म्हणाला. "घोंगडीत गुंडाळायचे पिंप. बास."

"बाबा दर दोन तासांनी उठून घोंगड्या बदलायचे. तू घोरतोस." तिने ठणकणारी बोटं काखेत दाबली. "दार उघड. ऊब आहे तोवर विरजण घालू दे."

"विरजण मी घालणार. आरोळी मी ठोकणार. थोरला मी आहे."

आता ही आरोळी म्हणजे तिकडची जुनी रीत. विरजण पडतं त्या क्षणी घालणाऱ्याने छाती फुटेस्तोवर ओरडायचं. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर कडक. हालवार्डची आरोळी पलीकडच्या काठावर ऐकू जायची म्हणे.

"दोन बरण्या मारल्यास तेव्हा ठोकली होतीस ना आरोळी?" सुन्निवा म्हणाली. "काय झालं? सडक्या दुधासारखा वास आला."

हे बोलायला नको होतं. बोलली. आणि खरं सांगायचं तर बोलताना तिला मजाही आली.

स्टाइनारने तिला दंडाला धरून बाजूला भिरकावलं. फ्रिज उघडून आतला दिवा उपटला आणि दगडी जमिनीवर आपटला. काचा उडाल्या. एक तिच्या तळहातात घुसली. सुन्निवा उठली आणि त्याच्या पाठीवर झेपावली. मुठी, ढोपरं, जे हाताला येईल ते. त्याने मागे हात टाकून तिचे केस पकडले, आणि तांब्याच्या हंड्यावर तिचं डोकं हाणलं. एकदा. दोनदा. हंडा घंटेसारखा वाजला. तिच्या भुवईतून रक्त वाहू लागलं आणि डाव्या डोळ्यापुढे सगळं लाल झालं.

तेव्हा ती ओरडली. सगळा जीव गोळा करून, लहानपणीसुद्धा कधी ओरडली नसेल तशी ओरडली.

अंगणापलीकडे बोर्गहिल्डचं घर होतं, पुरती साठ पावलंही नाहीत. सत्तरीची बोर्गहिल्ड तिच्या दारातच बर्फ झाडत होती. खिडकीतून तिचा आवाज खणखणीत आत आला.

"शाब्बास गं पोरी! अजून जोरात! हालवार्डला ऐकू जाऊ दे!"

वर टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग स्टाइनार हसला. सुन्निवाला कळलं, की आज या खोलीत ती कितीही किंचाळली तरी अख्ख्या वस्तीत एकच गोष्ट ऐकू जाणार आहे. बिअर कडक होतेय.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "ओरड. ओरड अजून."

त्याने तिचे केस सोडले आणि फळीवरची बरणी उचलली. झाकण फिरवून मोरीपाशी गेला.

"स्टाइनार, नको. स्टाइनार, तूच घाल. तूच ओरड."

"आता कशाला? आता कुणालाच नको."

त्याने बरणी तिरकी केली. घट्ट, पिवळट विरजण संथपणे जाळीवर पडायला लागलं. शे-दीडशे वर्षं जपलेलं, आणि थपकन पडत होतं!

काढा ढवळायचं लाकडी वल्हं भिंतीला टेकून उभं होतं. सुन्निवाने ते दोन्ही हातांनी धरलं, काच तळहातात आणखी रुतली, आणि तिने त्याच्या गुडघ्यावर आडवा घाव घातला. काटकी मोडावी तसा आवाज झाला. स्टाइनार कोसळला. बरणी हवेतच होती तेवढ्यात तिने ती छातीशी कवटाळली. पडल्यापडल्या त्याने तिचा घोटा धरला आणि मांस ओरबाडलं. तिने दुसऱ्या पायाने त्याच्या थोबाडात लाथ हाणली. एक दात टणटणत मोरीकडे गेला. मग तिने आणखी एक लाथ मारली. ती गरजेची नव्हती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भीतीही वाटली.

बरणीत अर्धं उरलं होतं. तिने ते पिंपात ओतलं. आरोळी ठोकली नाही. गळ्यात आवाजच उरला नव्हता.

दार ढकलून बोर्गहिल्ड आत आली, हातात लोणी लावलेल्या भाकरीची बशी. "काय आवाज गं तुझा! मी म्हटलं, हालवार्डची लेक..." आणि तिने बघितलं. काचा, रक्त, जमिनीवर विव्हळणारा स्टाइनार. बशी तिने कुठे ठेवली ते तिलाही नंतर आठवेना.

"मी टाळ्या वाजवल्या," ती पुटपुटली. "अगं, मी टाळ्या वाजवल्या."

"बोर्गहिल्ड, तुझ्या खुराड्यात दिवा आहे?"

"काय?"

"पिल्लांचा दिवा! काटा छत्तिसावर आलाय."

म्हातारी बर्फातून धावली. खरंच धावली. सुन्निवाने रक्ताळलेल्या हातांनी नवा दिवा जोडला, पंखा फिरला, खोलीभर लाल उजेड पडला. आकडा चढायला लागला, तेव्हा कुठे तिने रुग्णवाहिकेला फोन केला. आणि पोलिसांनाही.

दुसऱ्या सकाळी पिंपावर चार बोटं जाड फेस होता, ज्वालामुखीसारखा बुडबुडे काढत. अर्धं विरजण, पण कसलं जोमदार! सुन्निवा, भुवईला सहा टाके, फ्रिजसमोर बसून हमसून हमसून रडली.

शुक्रवारी रीतीप्रमाणे शेजारी बिअर चाखायला आले. बिअरला संत्र्याच्या सालीसारखा वास होता, आणि ती कडक होती. घोट घेऊन एक म्हातारा म्हणाला, "हालवार्डचीच." मग सगळ्यांनी पेले पुढे केले.

सुन्निवाने पिंपावरची साय चमच्याने काढली आणि ओट्यावर मांडलेल्या अकरा छोट्या बरण्यांत भरली, घरटी एक. बोर्गहिल्डला एक, त्या म्हाताऱ्याला एक, वरच्या शेतावरच्यांना एक. कुणी नको म्हणालं नाही.

दारात कुबड्या वाजल्या. पोलिसांनी जबाब घेऊन सोडलेला स्टाइनार उभा होता, पाय प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला. वाट देताना कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

"काय चाललंय?" तो दाताच्या खिंडीतून फुसफुसला. "हे आपल्या घरचं आहे. हे विरजण घराबाहेर जात नाही. बाबांनी कधी कुणाला दिलं नाही."

सुन्निवाने शेवटच्या बरणीचं झाकण आवळलं. तिच्या पट्टी बांधलेल्या हातातून पुन्हा थोडं रक्त आलं.

"आता ते अकरा घरांत आहे," ती म्हणाली. "जा. बरण्या फोडत बस."