गुडघ्यांवरची धूळ

धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी थोरलीला त्याचा, आपल्या सख्ख्या भावाचा, संशय येऊ लागला.

वडिलांच्या मागे लाँड्री ही दोघंच चालवत होती. थोरलीचं लग्न झालं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "झालंय की, इस्त्रीशी. कधी सोडून जात नाही आणि तापली तरी मारत नाही." मोठं काम हॉस्पिटलच्या चादरींचं. रोज दुपारी गाठोडं पोचवायचं, रविवारसुद्धा. आजारी माणूस वार बघून आजारी पडतो का, असं वडील म्हणत आणि तो शब्द घरात शास्त्रासारखा चालत आला होता.

थोरली डाग वाचायची. कपडा हातात आला की माणूस कुठं बसला, काय खाल्लं, कोणाशी भांडला, हे तिला समजायचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं सिगारेट सोडली नाही, हे त्याच्या बायकोच्या आधी तिला कळलं होतं. त्यामुळं धाकट्याची पँट धुवायला घेतली आणि दोन्ही गुडघ्यांवर करड्या धुळीचे गोल डाग दिसले, तेव्हा तिचा हात थांबला. उजव्या बाहीच्या काठावर मेणाचा थेंबही होता.

"गुडघ्यांना काय झालं रे?"

"पडलो," धाकटा म्हणाला.

"दोन्ही गुडघ्यांवर? सारखाच?"

"नीट पडलो."

थोरली हसली नाही. पुढच्या आठवड्यातही तेच डाग, तोच थेंब, आणि दोन्ही खेपा बुधवारच्या. एरवी गाठोडं पोचवून अर्ध्या तासात परतणारा हा बुधवारी दीड तासानं यायचा. मुलीचं लग्न लावून दिल्यापासून तो जरा मोकळा-मोकळा दिसत होता, तेही तिला खटकत होतंच. आता सगळं जुळलं. रस्त्यापलीकडच्या लाँड्रीची भट्टी जमिनीलगत होती, गुडघे टेकल्याशिवाय तिच्यात जाळ घालता येत नसे. आणि इस्त्री सरसर फिरावी म्हणून ते लोक तिच्या तळाला मेण चोळत. कपड्यावर डाग राहतो म्हणून थोरलीच्या घरात मेणाला बंदी होती. म्हणजे भाऊ समोरच्यांकडे काम धरतोय. आज एक बुधवार, उद्या सगळे वार.

 तिचे खांदे आता उतरले होते, ओल्या चादरी एकटीनं पिळणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं. तो गेला तर लाँड्रीला कुलूप, आणि कुलूप लावून ती जाणार कुठं?

तिसऱ्या बुधवारी तिनं भट्टी विझवली. दिवसाउजेडी भट्टी विझवायची ही तिची पहिलीच वेळ. वहिनीला म्हणाली, "सोडा आणायला जाते."

"डबा भरलेला आहे, ताई."

"मग तो शिळा झालाय."

धाकटा गाठोडं सायकलला बांधून चालत निघाला होता. समोरच्या लाँड्रीवरून तो मान न वळवता गेला. 'शहाणा आहे. मागच्या दारानं येईल,' थोरली मनात म्हणाली. पण तो सरळ हॉस्पिटलच्या फाटकात शिरला. ती भिंतीआड उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली, पाऊण तास झाला, कोणी बाहेर येईना. शेवटी तीच आत गेली.

चादरींच्या कोठीत कोठीवाली बाई टॉवेलांच्या घड्या घालत होती. डोळ्यांवर जाड भिंगं, पायात लोकरी मोजे.

"माझा भाऊ कुठाय?"

"प्रार्थनेच्या खोलीत. पॅसेजच्या टोकाला. बंदच असायची ती, आता बुधवारी त्यांना किल्ली देते मी."

"किल्ली का देता?" थोरलीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मागतात म्हणून. बाई, मला दोन पणतू आहेत, असं बघू नका." ती पुन्हा घडीला लागली. "बरं झालं भेटलात. तुमच्या त्या रविवारच्या गाठोड्याचं काय करायचं? कोठी रविवारी बंद असते. ते पॅसेजमध्ये पडून राहतं, सोमवारी मी उघडते. कोणाला लागत नाही हो रविवारी. वॉर्डातलं कोणी नेतं, असं वाटायचं तुमच्या भावाला. सांगितलं मी त्यांना, मुलीच्या लग्नानंतर मिठाई घेऊन आले होते तेव्हा."

"कधीपासून बंद असते?"

"मी लागले तेव्हापासून तरी. सतरा वर्षं."

थोरली पॅसेजमधून गेली ती भिंतीला हात लावत. खोलीत पाच-सहा बाकं होती, सगळ्यांवर धूळ. पुढं एक मेणबत्ती जळत होती. धाकटा गुडघ्यांवरून उठून बाकावर बसला होता, मांडीवर हात उताणे ठेवून. झोपलाय की काय, असं तिला वाटलं.

"काय करतोयस इथं?"

त्यानं वळून पाहिलं. दचकला नाही. "काही नाही."

"काही नाही करायला दीड तास लागतो?"

"मला लागतो. पहिला अर्धा तास तर चादरीच दिसतात. मग प्रार्थना सुचते."

"आणि मला सांगितलं नाहीस. रविवारचंही नाही. एवढे महिने मला उगाच राबवलंस?"

त्यानं गुडघ्यांवरची धूळ झटकली. "सांगितलं असतं तर तुला आई आठवली असती."

थोरली बाकावर बसली. आई शेवटच्या दोन वर्षांत दर रविवारी चांगलं लुगडं नेसून दाराशी बसायची. मला चर्चमध्ये उपासनेला ने गं, एकटीनं पायऱ्या चढवत नाहीत. आणि थोरली इस्त्रीवरून म्हणायची, गाठोडं गेलं की नेते. गाठोडं जाईपर्यंत उपासना सुटलेली असायची. मग, पुढच्या रविवारी नक्की.

"तू समोरच्यांकडे जाणार नाहीस ना?" तिनं विचारलं.

"कोणाकडे?"

"काही नाही."

ती तिथंच बसून राहिली. शांतता तिला पटत नव्हती, कुठून तरी कोणी हाक मारणारच, असं वाटत होतं. फुकट मिळालेल्या गोष्टीवर तिचा कधी विश्वास नव्हता. पण कोणी हाक मारली नाही. मेणबत्ती निम्मी झाली तेव्हा तिला कळलं की आपण मघापासून रडतोय, आणि धाकट्यानं तिकडं न पाहता आपला रुमाल मध्ये बाकावर ठेवलाय. रुमाल नीट धुतलेला नव्हता.

त्या रविवारी भट्टी पेटली नाही. थोरली पहाटे उठली ती उठलीच, हातांना काय सांगावं ते कळेना. मग धाकटा, वहिनी आणि ती उपासनेला गेली. पायऱ्या बावीस होत्या. ती शेवटच्या बाकावर बसली आणि पाळकसाहेब विसाव्याबद्दल बोलू लागले तेव्हा डोळे बारीक करून ऐकत राहिली, जणू ते काहीतरी विकायला आलेत. तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली.

त्यांची आई त्याआधी नऊ वर्षं, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला दाराशीच वारली. ती दोघं तेव्हा आत रविवारच्या गाठोड्यातल्या चादरींच्या घड्या घालत होती.