बाटलेला दा

मी दा बोलतोय. सन १९३६. थडिंजूटच्या सणाचे दिवे नुकतेच विझले होते, पाऊस थांबला होता, इरावतीच्या मुखाकडच्या शेतांत भात पिवळं पडत होतं आणि रंगूनच्या नव्या कायदेमंडळासाठी मतं पडायची होती. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे घडलं ते त्याच हंगामात. त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो. नंतरचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी बोलावं लागणार नाही.

आज मी क्यूनबिन गावात न्यान प्विनच्या स्वयंपाकघरात आहे. मोहिंगा या माशाच्या रश्शासाठी केळीच्या खोडाचा गाभा चिरतो. मूठ बदलली आहे, पातं तेच आहे. पाहुणे मला हातात घेतात आणि म्हणतात, हा तर भिंतीवर टांगायचा दा. टांगू नका. टांगलेल्या पात्याला गंज चढतो. माझं एवढंच मागणं आहे.

दा म्हणजे लांब पात्याचं हत्यार, कोयता नव्हे. कोयता वाकडा असतो. मी सरळ आहे.

सया गाउंग लोहाराने मला घडवलं. लोखंड एका फुटलेल्या आगबोटीचं. सया बोलायचा कमी. पातं लाल झालं की हाणायचा, विझलं की पुन्हा भट्टीत घालायचा. त्याच्या ऐरणीजवळ बाईमाणसाला मज्जाव होता. तो सांगायचा की दा हा पुरुषाचा, आणि बाईच्या तमेनखालून गेला की मेला. तमेन म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ती लुंगी. तिच्याखालून पुरुष गेला तर त्याचं तेज जातं, असं आमच्याकडे सगळे मानतात. मीही मानत होतो.

पहिला मालक था दुनचा बाप. त्याच्या हाती मी छपराची पानं तोडली, बांबू तासले, एकदा घोणस मारली. था दुन जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली. शेजारच्या दॉ म्या यिनच्या अंगावर तेव्हा तिचा न्यान प्विन पीत होता. तिने दुसरंही पोर पदरात घेतलं. लाटांच्या नक्षीचं एक जुनं तमेन होतं, त्यात दोघांना गुंडाळून ती पाजायची. तान्ह्या पोराला आईच्या तमेनचा विटाळ नसतो. तो नंतर लागतो, मिशा फुटल्या की.

आमच्याकडे मुलगा चीवर घालून काही दिवस मठात राहतो आणि आईच्या दुधाचं ऋण फेडतो. था दुननेही चीवर घातलं, पण मेलेल्या आईच्या नावाने. म्या यिनचं दूध राहून गेलं. तिने कधी आठवण करून दिली नाही. तो विसरला, असं मी म्हणणार नाही.

बाप गेल्यावर मी था दुनकडे आलो. पोरगा आडदांड निघाला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेला, छातीवर मंत्राच्या शाईचा वाघ. त्या वाघामुळे आपल्याला लोखंड लागत नाही असं तो सांगायचा. लोक मान हलवायचे. मी हलवली नसती. लोखंडाला शाई वाचता येत नाही.

मग निवडणूक आली. एका बाजूला तांदळाच्या गिरणीचा मालक ऊ बो ज्यान, दुसऱ्या बाजूला ऊ तेत फ्यो नावाचा वकील. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी रंगीत पेट्या ठेवल्या होत्या. गिरणीवाल्याची हिरवी, वकिलाची पिवळी. ज्याच्या पेटीत चिठ्ठी टाकाल त्याला मत. पिवळा रंग चीवराचा. खेड्यातली म्हातारी माणसं त्या पेटीसमोर चपला काढून गुडघ्यावर बसतील, फुलं वाहतील, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं तेव्हा गिरणीवाल्याने साहेबाकडे अर्ज केला. साहेब म्हणाला, रंग सरकारचा आहे, बुद्धाचा नाही. गिरणीवाल्याने मग साहेबाचा नाद सोडला आणि माणसं जमवली.

गिरणीच्या आवारात पोरं कवायत करू लागली. त्यांचा म्होरक्या था दुन. निवडून आलो की क्यूनबिनचा मुखिया तूच, असं गिरणीवाल्याने त्याला सांगितलं होतं. था दुनच्या मागे फो तोक नावाचा एक होता. हसून बोलायचा. माणूस दोन कारणांनी हसतो, आणि त्यातलं एक चांगलं नाही.

न्यान प्विन वकिलाच्या बाजूचा. मतदानाच्या जागी पिवळ्या पेटीच्या राखणीला तोच बसणार होता. दूधभाऊ एकमेकांसमोरून जाताना मान वळवू लागले.

त्या हंगामात मला रक्ताची सवय झाली. बाजारात दोघांची डोकी फुटली. एका सभेत मांडव पेटवला, आतून एक माणूस जळत्या केसांनी धावत खाडीत पडला. मग ऊ ट्विन नावाचा म्हातारा नावाडी त्यांच्या डोळ्यांत सलू लागला. वकिलाचं भाषण ऐकायला जाणाऱ्यांना तो फुकट पलीकडे सोडत होता. फो तोकने त्याचा हात नावेच्या काठावर दाबून धरला आणि था दुनकडे बघितलं. था दुनने मला खाली आणलं. दोन बोटं पाण्यात पडली. नावाड्याने हात छातीशी धरला, दुसऱ्या हाताने वल्हं उचललं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी था दुन म्या यिनकडे जेवायला गेला. लहानपणापासून जात होता. तिने भात वाढला, वर झणझणीत ङापी, आंबवलेल्या माशांची चटणी, घातली.

"ज्या हाताने तोडलीस त्याच हाताने जेव," ती म्हणाली.

तो जेवला नाही. उठला. मी त्याच्या कमरेला होतो. जिना उतरताना त्याचा पाय चुकला.

मतदानाच्या दिवशी सकाळीच गिरणीच्या दोन होड्या क्यूनबिनच्या धक्क्याला लागल्या. बेत साधा होता. धक्क्यापासून मतदानाच्या जागेपर्यंत, म्हणजे मठाच्या धर्मशाळेपर्यंत, एकच वाट, तिथे जाऊन उभं राहायचं. पिवळ्या पेटीला मत देणारी पूर्ववाडीची माणसं बांधावरून येणार होती. त्यांना दा दिसले असते तर ती घरी गेली असती. नाही गेली तर कापायची.

वाटेवर दोन नारळींच्या मधे दोरी बांधलेली होती. दोरीवर गावातल्या सगळ्या बायकांची तमेनं. जुनी, विटकी, काही तर ओलीच. दोरीपलीकडे म्या यिन पाटावर बसून सुपारी कातरत होती.

माणसं थांबली. गोंदलेली, मंतरलेली, ताईत बांधलेली सगळी. एकाने आभाळाकडे बघितलं. एकजण म्हणाला, आपलं पाण्याचं भांडं होडीत राहिलं, आणि तो माघारी गेला. बाजूला दोन्हीकडे पिकलेलं भात होतं. पोरं गावोगावची होती. भात तुडवलं असतं तर त्यांच्या आयांनीच त्यांना घरात घेतलं नसतं.

"आई, दोरी काढ," था दुन म्हणाला.

"कपडे वाळतायत. ऊन चांगलं पडलंय."

"काढ म्हणतो ना."

"तू काढ. हात आहेत की तुला. सगळी बोटं आहेत."

मागून फो तोक हसत म्हणाला, "मुखियासाहेब, हातात दा कशाला धरलाय? काप की दोरी."

था दुनने मला उचललं. मी दोरीवर पडणार तोच म्या यिन उठली, लाटांच्या नक्षीचं जुनं तमेन दोरीवरून ओढलं आणि माझ्यावर टाकलं. मुठीपर्यंत गुंडाळलं. मला अंधार झाला. त्याने मूठ सोडली ती निखारा पकडल्यासारखी.

 मागे एकजण हळूच म्हणाला, "बाटला."

कोण बाटला, मी की था दुन, ते त्याने सांगितलं नाही.

गिरणीची माणसं होडीने वळसा घालायला निघाली. तेवढ्यात ओहोटी लागली आणि होड्या चिखलात बसल्या. दिवस मावळेपर्यंत तिथेच बसल्या. गावातली म्हातारी माणसं धर्मशाळेत जाऊन पिवळ्या पेटीला नमस्कार करत राहिली.

म्या यिनने मला घरी नेलं, धुतलं, आणि जिन्याखालच्या पाट्यावर ठेवून माझ्याकडून केळीचा गाभा चिरून घेतला. मी खूप रागावलो. गाभा पातळ आणि सरळ कापला गेला. धारेत मला काही फरक जाणवला नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. तिने तमेनांची दोरी आता घरापुढेच बांधून ठेवली होती. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, जिन्यासमोर, खांबांवर उभ्या घराखालची जागा झाकून टाकील अशी. लाटांचं जुनं तमेन मधोमध.

निकाल तालुक्याच्या कचेरीच्या ओसरीवर वाचला गेला. क्यूनबिनच्या पेट्या उघडेपर्यंत गिरणीवाला पुढे होता. उघडल्या आणि तो हरला. थोडक्यात हरला, ते जास्त लागतं. कचेरीच्या फाटकाबाहेर न्यान प्विनला गिरणीच्या माणसांनी गाठलं आणि लोखंडी पहारीने डाव्या पायाची नळी मोडली. हाड बाहेर आलं होतं. ऊ ट्विन नावाड्याने त्याला नावेत घालून घरी आणलं, उरलेल्या बोटांनी वल्हवत.

तेवढ्याने गिरणीवाल्याचा जीव थंडावला नाही. ज्या घराने माझ्या वाटेत तमेनं टांगली त्या घरात पुरुष राहता कामा नये, असं तो म्हणाला. हे काम था दुननेच करायचं. बाटलास ना, मग धुऊन काढ. त्याच्यापुढे नवा दा ठेवला, चांदीच्या मुठीचा. हे मला ऊ ट्विनच्या बोलण्यातून पुढे कळलं. था दुनने तो उचलला नाही. गिरणीच्या मागच्या भिंतीवरून त्याने खाडीत उडी घेतली, कारण होड्या सगळ्या गिरणीच्या होत्या.

दुपारी तो चिखलाने माखलेला म्या यिनच्या दारात आला. हात रिकामे.

"आई, येतायत. न्यानला घेऊन मागच्या ओढ्याने नीघ."

"त्याला चालता कुठं येतंय."

"ऊ ट्विनला हाक मार. दोघं उचला. तोवर मी बघतो."

"कशाने बघशील?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. दोरीच्या पलीकडे, पाट्यावर, केळीच्या सालांमधे मी पडलो होतो. मधे तमेनं लोंबत होती, माणसाच्या छातीपर्यंत. माझ्यापर्यंत यायचं तर त्यांच्याखालूनच. मला हातात घेणं म्हणजे त्याच्या मते वाघ पुसून टाकणं. त्याला मरणाची भीती कधी नव्हती, कारण मरण येणारच नाही असं तो मानत होता. आता येईल, हेही तो तितकंच मानत होता.

म्या यिनला कळलं. "थांब," ती म्हणाली, "दोरी सोडते मी."

"राहू दे आई. तीच त्यांना थोपवील."

त्याने मान वाकवली आणि खालून आत आला. लाटांचं तमेन त्याच्या डोक्यावरून, कपाळावरून, पाठीवरून सरकलं. त्याने मला उचललं.  

गिरणीची माणसं आली. पुढे फो तोक. दोरीपलीकडे, तमेनांच्या आड त्याला था दुन दिसला आणि तो खदखदून हसला.

"अरे, हा तर बायकांत बसलाय. लुंगी पण बदललीस का रे?"

 फो तोकने बांबू आणला होता, टोकाला आकडी बांधलेला. हात न लावता दोरी ओढायचा बेत. आकडी दोरीला अडकली तशी मी बांबू छाटला. दुसरा आला, तोही छाटला. तिसऱ्याच्या वेळी था दुन खालून बाहेर झेपावला आणि मी फो तोकच्या मानेत शिरलो, खांद्याच्या हाडापर्यंत. हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. मला ओढून काढायला पाय लावावा लागला.

मग सगळे तुटून पडले. एकाचं मनगट मी तोडलं, मुठीसकट दा चिखलात पडला. एकाच्या गालातून दात दिसले. था दुन मागे सरकून तमेनांखाली गेला की ते थांबायचे, हातभर अंतरावर, शिव्या देत. कोणी आत येईना. तो पुन्हा बाहेर यायचा, हाणायचा, पुन्हा आत. एका पोराने पेटता पलिता छपराकडे फेकला. था दुनने तो हवेतच डाव्या हाताने झेलला आणि चिखलात विझवला. हाताची कातडी पलित्याला चिकटून गेली.

शेवटी त्यांनी लांबून भाले मारले. बांबूचे, टोक जाळून कडक केलेले. एक मांडीत. एक कुशीत. एक छातीत, बरोबर वाघाच्या जबड्यात, आणि रक्त असं आलं की वाघच ओकतोय असं वाटावं. तो जिन्याला टेकला, पण खाली बसला नाही. मी त्याच्या हातात वरच होतो. मागच्या ओढ्यावर ऊ ट्विनच्या वल्ह्याचा आवाज झाला, लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. तेव्हा तो बसला.

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग फो तोकचे पाय धरून त्याला ओढत धक्क्याकडे गेले. घरात ज्याला मारायला आले होते तो घरात नव्हता.

म्या यिन नावेत गेली नव्हती. ती मागून आली, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि था दुनचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिच्याकडे बघत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"गेला तो," ती म्हणाली. "सुखरूप गेला."

त्याची बोटं माझ्या मुठीवरून सैल झाली.

तिने हात वर करून दोरीवरचं लाटांचं तमेन ओढलं आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, घट्ट, तान्ह्या पोराला गुंडाळतात तसं.

"दूध फिटलं," ती म्हणाली.