ढोलूमामा माझ्या दारात पडला

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे, आणि तीही फुकटची. नाकं मुरडू नका. 'फुकट ते पौष्टिक' म्हणत जे माझ्यात चढतात, त्यांनी तर मुळीच मुरडू नयेत! एका भल्यामोठ्या करमणूक बागेत मी पाहुण्यांची ने-आण करते. तीन हॉटेलं, पाण्याचे खेळ, उंच पाळणे आणि बागेचं मुख्य फाटक, एवढ्यांना वळसा घातला की माझी एक फेरी पुरी होते. तिकीट नाही, कंडक्टर नाही. हात दाखवायचीही गरज नाही, मी आपणहून थांबते.

कारखान्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बसगाड्या लांब लांब जाणार होत्या. एकीवर तर डोंगरापलीकडच्या शहराची पाटीसुद्धा लागली होती. मला वाटलं, आपणही घाट चढणार, पूल ओलांडणार. कसलं काय! माझ्या अंगावर पांढरे ढग रंगवले, छताला गाण्यांचा स्पीकर बसवला आणि मला इथे आणून सोडलं. तेव्हापासून मी घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरते आहे.

सुरुवातीला माझे लाड फार झाले. लोक मला टेकून फोटो काढत. बागेचे मोठे साहेब पाहुण्यांना आधी मला दाखवत आणि मग पाळणे. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या नव्या बसगाड्या आल्या आणि मी 'ती जुनी खटारा' झाले. सीट उसवल्या, एसी बंद पडला. मावशीने वर्कशॉपमध्ये दहा वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "बघू." मित्रांनो, या 'बघू'चा अर्थ आम्हा गाड्यांना पुरता ठाऊक असतो.

मावशी म्हणजे माझी ड्रायव्हर. सख्खी मावशी कुणाचीच नाही, पण बागेतले सगळेच तिला मावशी म्हणत. आवाज असा, की हॉर्न वाजवायची वेळच येऊ नये. मला ती 'म्हातारे' म्हणायची आणि चढ आला की माझ्या डॅशबोर्डवर थोपटायची. "चल गं म्हातारे, एवढा चढ चढ, मग उतारच आहे."

सकाळची पहिली फेरी कामगारांची असे. सफाईवाले, स्वयंपाकी, पाळणे चालवणारे, सगळे पेंगत चढत. त्यांच्यात एक सडपातळ मुलगी होती. ती मावशीच्या मागच्या सीटवर बसून डबा उघडी आणि चार घास खाऊन बंद करी. म्हणून मावशीने तिचं नाव चिमणी ठेवलं होतं.

"तू काम तरी काय करतेस गं?" मावशी विचारायची.

"असंच गं, किरकोळ," म्हणून चिमणी खिडकीबाहेर बघायची.

मग मावशी आपलं रोजचं गाऱ्हाणं सुरू करी. ते असे ढोलूमामाचं. ढोलूमामा म्हणजे बागेचा लाडका गुलाबी पाणघोडा. खरा नव्हे, सोंग! आत माणूस शिरतो, वर भलंथोरलं डोकं चढवतात आणि तो मुलांना मिठ्या मारत हिंडतो. "मेल्याने काल पुन्हा माझी गाडी अडवली!" मावशी म्हणे. "भर रस्त्यात कंबर हलवत उभा! एक दिवस उतरून त्याच्या पाठीत धपाटाच घालते की नाही बघ." हे ऐकून चिमणी इतकी हसायची, की तिला ठसका लागायचा.

ढोलूमामाचे नियम फार कडक होते. त्याने बोलायचं नाही. पाहुण्यांसमोर डोकं काढायचं नाही. आत कोण असतं ते कुणालाच सांगायचं नाही, मुलांचा विरस होतो म्हणे. आणि डोक्याच्या कड्या मानेमागे, लोकरीखाली. जाडजूड पंजे घातलेल्या हातांनी त्या स्वतःच्या स्वतःला काढताच येत नसत. त्यासाठी एक सोबती सतत बरोबर चाले.

आता ऐका. हे सांगताना आजही माझ्या पत्र्यावर काटा येतो.

कडक उन्हाचा दिवस होता. ढोलूमामाला नेणारी बंद गाडी बिघडली, म्हणून तो हॉटेलच्या थांब्यावर माझ्यात चढला. एकच जल्लोष झाला! त्याच्याभोवती इतकी झुंबड उडाली, की त्याचा सोबती खालीच राहिला. "मामा, मी मागच्या बसने येतो!" असं तो ओरडला आणि माझं दार लागलं.

माझ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एसी बंद. माझी मलाच धग सोसवत नव्हती, मग त्या लोकरीच्या आत काय होत असेल? ढोलूमामा मधल्या दांड्याला धरून उभा होता. थोड्या वेळाने त्याने पंजा गळ्यावर ठेवला. मग छातीवर थापट्या मारल्या. पुन्हा गळा, पुन्हा छाती.

पिवळ्या टोपीचा एक बाप्या मोबाईल उंचावून ओरडला, "अरे, मामा नवा नाच शिकवतोय! चला, सगळ्यांनी करा!"

आणि मित्रांनो, सगळ्यांनी केलं! हात गळ्यावर, हात छातीवर. आया, बाबा, काका, काकू, कडेवरची पोरं, सगळी बस. स्पीकरवर गाणं चालू होतं आणि पाय माझ्या तळावर ताल धरत होते. मामाने काचेवर थापा मारल्या, यांनीही मारल्या. मामाने डोकं इकडून तिकडे हलवलं, यांनीही हलवलं. त्याचे गुडघे वाकले, तर सगळे हसत हसत खाली बसले. अहो, मी बस आहे! नाचणारे पाय कुठले आणि लटपटणारे कुठले, हे मला तळातून कळतं. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

मामा कोसळला. दोन-तीन मुलंही मुद्दाम धपकन खाली पडली. आणि टाळ्या! काय टाळ्या वाजल्या म्हणून सांगू!

तेवढ्यात मुख्य फाटक आलं. मावशीने दार उघडलं. दाराच्या पायरीपाशीच मामा आडवा पडला होता आणि लोक त्याला ओलांडून उतरत होते. "बाय मामा!" म्हणत होते. कुणी त्याच्या शेजारी वाकून फोटो काढला. एका बाईने तर स्वतःचं बाळ त्याच्या पोटावर बसवून पाहिलं. माझा विश्वासच बसेना. इतक्या वर्षांत मी माणसांना भांडताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.

निम्मे लोक उतरले तशी मावशीने दार लावायचं बटण दाबलं. पण मामाचा पंजा दारात आला होता. दारात काही अडकलं, की माझा बझर वाजतो. तो वाजायला लागला. वाजतच राहिला. त्या दिवशी मी तो किती जिवाच्या आकांताने वाजवला, ते माझं मला माहीत.

मावशी तणतणत उठली. "ओ मामा! पुरे झालं नाटक! माझ्या फेरीला उशीर होतोय." तिने पंजा उचलला आणि सोडला. तो धप्पकन पडला.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ती गुडघ्यांवर बसली, मामाच्या जबड्यातल्या जाळीतून तिने आत डोकावलं आणि लगेच मानेमागच्या कड्या शोधायला लागली.

"अहो बाई, काय करताय?" पिवळ्या टोपीवाला ओरडला. "मुलं बघताहेत!"

"बघू देत!" मावशी गरजली. खट, खट, कड्या निघाल्या. तिने ते गुलाबी डोकं ओढून काढलं.

आत चिमणी होती.

केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळसर, डोळे अर्धवट मिटलेले. माझ्या इंजिनाचा ठोकाच चुकला. ज्या ढोलूमामाला मावशी रोज शिव्या घालायची, तो म्हणजे ही! सकाळी चार घास खाऊन, मावशीच्या शिव्या हसत ऐकून ही त्याच्या आत शिरत होती! स्पीकरवरचं गाणं तेवढं चालूच होतं.

"अगं माझे बाई! चिमणे, तू?" मावशी किंचाळली. तिने आपली पाण्याची बाटली चिमणीच्या डोक्यावर रिकामी केली, लोकरीचं अंग टराटरा फाडलं. "वारा घाला कुणीतरी! दगड झालात का सगळे?" तेव्हा कुठे माणसं हलली. पिवळ्या टोपीवाल्याने टोपी काढली आणि तिनेच वारा घालू लागला.

तोवर मोठे साहेब धावत आले. आता डॉक्टर येईल, स्ट्रेचर येईल, असं मला वाटलं. साहेबांच्या हातात एक चादर होती. त्यांनी ती फटकन चिमणीच्या तोंडावर टाकली. "आधी झाका! फोटो काढताहेत लोक!"

मित्रांनो, जित्याजागत्या पोरीच्या तोंडावर चादर! मी सुन्न झाले.

"अहो साहेब, जिवंत आहे ती!" मावशीने चादर हिसकावून बाहेर भिरकावली. "तोंड कसलं झाकता तिचं? डॉक्टरला बोलवा!"

"बागेतले डॉक्टर रजेवर आहेत," साहेब चाचरत म्हणाले. "मी फोन करतो. बघू..."

'बघू' हा शब्द कानी पडला आणि मावशीने चिमणीला दारातून आत ओढलं, ती स्टिअरिंगवर जाऊन बसली. दार लावलं. राहिलेल्या प्रवाशांना म्हणाली, "घट्ट धरून बसा." एरवी मी फाटकापाशी उजवीकडे वळायची, ती सरळ सुटले. फाटकातून बाहेर, मोठ्या रस्त्यावर! जन्मभर ज्या रस्त्याची आस होती, तो रस्ता मला असा भेटला. पण बघायला वेळ कुणाला होता? इंजिन खोकत होतं, ब्रेक करकरत होते. "चल गं म्हातारे, आज दगा देऊ नकोस," मावशी म्हणत होती आणि डोळे पुसत होती. मी नाही दिला.

चिमणी वाचली. थोडा आणखी उशीर झाला असता, तर काही खरं नव्हतं, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं.

आता तुम्हाला वाटेल, मावशीला शाबासकी मिळाली असेल. छे! पाहुण्यांसमोर डोकं काढलं आणि गाडी ठरलेल्या वाटेवरून हलवली, म्हणून तिला माझ्यावरून उतरवलं. आता ती वाहनतळावर ऊन खात, शिट्ट्या मारून गाड्या लावून घेते. चिमणीने काम सोडलं. पण खरा धक्का पुढेच होता. पिवळ्या टोपीवाल्यासारख्या कितीतरी जणांनी काढलेले व्हिडिओ घरोघर पोचले. डोकं काढायच्या आधीचा भागच तेवढा. तो नाच लोकांना इतका आवडला, की बागेने ढोलूमामाच्या रोजच्या खेळात घालून टाकला! हात गळ्यावर, हात छातीवर, गुडघे वाकवायचे, धपकन पडायचं. खेळाखेळाला टाळ्या पडतात. हद्द झाली ना? आता आतला जीव खरंच गुदमरला, तर त्याने सांगायचं तरी कसं?

मध्यंतरी चिमणी मावशीला भेटायला आली. वाहनतळापर्यंत जायला ती माझ्यातच चढली. नवा ड्रायव्हर तिला ओळखत नव्हता. तिच्या शेजारी समोरचे दोन दात पडलेली एक छोटी मुलगी बसली होती. स्पीकरवर ते गाणं लागलं आणि सगळ्या बसचे हात गळ्यांवर गेले. चिमणी तेवढी मांडीवर हात घट्ट धरून बसून राहिली.

"ताई, तुला येत नाही का?" छोटीने विचारलं. "सोप्पं आहे. असा हात गळ्यावर, मग असा छातीवर, मग पडायचं!"

"येतं गं मला," चिमणी म्हणाली. "पण कुणी असं करायला लागलं ना, तर आधी विचारायचं असतं, काय होतंय म्हणून."

छोटी नाचायची थांबली. गाणं चालूच होतं. तिने चिमणीच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"काय होतंय तुला?"

चिमणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्या दिवशी खच्चून भरलेल्या माझ्यात हे एकानेही विचारलं नव्हतं.

"आता काही नाही होत, बाळा," ती म्हणाली आणि तिने छोटीला जवळ घेतलं.

मित्रांनो, माझ्या सीट शिवा, मला रंग द्या, असं मी आज मागणार नाही. तुम्ही खुशाल नाचा, फोटो काढा. पण समोरचा कुणी न बोलता हात हलवायला लागला, तर हसण्याआधी त्या छोटीसारखं एकदा विचारा. आणि उत्तर आलं नाही, तर खुशाल ते डोकं ओढून काढा. साहेबांना काय म्हणायचंय ते म्हणू देत.