मला भिंतीवर टांगू नका

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे; पण मासे पकडण्याचे नव्हे. मासळीबाजारात मला कुणी फुकट घेणार नाही. समुद्रात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव म्हणजे प्लवक. ते गोळा करणे हे माझे काम. शिडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला लांब टोपीसारखे शिवले. तोंडाला पितळी कडे, शेपटाला बाटली. खाडीच्या मुखाशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगाने होडीवाले काका मला ओढत आणि प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई बाटलीतले जीव मोजत. अशी कितीतरी वर्षे गेली. हे जीव कमी कमी होत चालले आहेत, हे माझ्यामुळेच कळले. मी फाटले की बाई स्वतः सुईदोरा घेऊन बसत. ठिगळही त्याच विणीचे लावत.

मग संशोधनाचे अनुदान आटले. डिझेलअभावी होडी किनाऱ्याला लागली आणि मी खुंटीला. तेव्हा एक मोठी कंपनी भागीदार म्हणून पुढे आली. तिने डिझेल दिले, नवा सूक्ष्मदर्शक दिला आणि माझ्या जागी कोरे करकरीत जाळे दिले. मला काचेच्या चौकटीत घालून कंपनीच्या स्वागतकक्षात टांगायचे ठरले.

नवे जाळे ओढले, तर बाटली गच्च भरली. कंपनीचे साहेब हरखले. "बघा बाई, आमचा हात लागला आणि समुद्र सुधारला. हेच छापू या."

"समुद्र तोच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमच्या जाळ्याची छिद्रं बारीक आहेत. जुन्यातून जे निसटायचं, ते यात अडकलं."

"लोकांना एवढं कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना."

बाईंनी अट घातली. वर्षभर दोन्ही जाळी शेजारी शेजारी ओढायची. मगच जुन्या आकड्यांशी नवे ताडून पाहता येतील. होडीवाले काका दोरी गुंडाळत पुटपुटले, "घ्या. आता सासू-सून एकाच होडीत."

प्रयोगशाळेचे संचालक मात्र घाबरले. "अहो बाई, जरा नमतं घ्या. हे गेले तर डिझेल काय तुम्ही नि मी ओतणार?"

"मग होडी राहू दे किनाऱ्याला. खोटं मी छापून देणार नाही."

साहेब तणतणत निघून गेले. होडी पुन्हा हलेनाशी झाली, तरी बाई हलल्या नाहीत. फोटो छापायला कंपनीलाही चालती होडी हवी होती. अखेर तिचा निरोप आला: दोन्ही जाळी ओढा, डिझेल मिळेल, पण ते ठिगळांचे जाळे आमच्या फोटोत दिसता कामा नये.

फोटोवाले येतात तेव्हा काका मला पिंपाआड दडवतात. दडवू देत. ते गेले की मी पाण्यात उतरते, नव्याच्या खांद्याला खांदा लावून. माझी बाटली त्याच्यापेक्षा रिकामी येते, आणि समुद्र सुधारलेला नाही हे ठासून सांगायला मी अजून जागेवर आहे.

मित्रांनो, मदत जरूर घ्या, देणाऱ्याचे आभारही माना. पण त्याला खूश करायला आकडा वाकवू नका. आणि जुनी वस्तू पुसून भिंतीवर टांगली म्हणजे तिची काळजी घेतली, असे समजू नका. तिला दुरुस्त करा, कामाला लावा. मला एक दिवस विरायचेच आहे. मी खाऱ्या पाण्यात विरेन, काचेत नाही.